अभ्यासासाठी नको, खेळायला हवा

2022च्या जूनमध्ये मी मामांबरोबर लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. मामेभाऊ नुकताच बारावी झाला होता. त्या वर्षी कापसाने दहा हजारांचा भाव पाहिला होता, त्यामुळे मामांचा हात जरा सैल होता. मला सोबत नेलं, कारण 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा आमच्या घरात एक समज आहे.

दुकानदाराने विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

मामा म्हणाले, "अभ्यासासाठी."

भाऊ म्हणाला, "हो, अभ्यासासाठीच."

मी काहीच बोललो नाही.

खरं तर तिघांनाही सगळं माहीत होतं. घरून निघताना भावाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दादा, त्याच्यावर व्हॅलोरंट चालेल ना? आणि जीटीए?" मामांनाही अंदाज होता, पोरगा काही चोवीस तास पीडीएफ वाचणार नाही. पण दुकानात, चार लोकांसमोर, खेळायला कॉम्प्युटर घेतोय असं कोण म्हणणार? दुकानदाराने 26 हजारांचा नवाकोरा लॅपटॉप पुढे ठेवला. "स्टुडंट मॉडेल आहे. अभ्यासाला एकदम मस्त." आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

चार महिन्यांनी तो लॅपटॉप कपाटावर गेला, आणि बराच काळ तिथेच राहिला.

दुकानदाराने फसवलं नाही, हे आधीच सांगतो. आम्ही त्याला जे माप दिलं, त्या मापाचा कपडा त्याने शिवला. माप आम्हीच खोटं दिलं होतं. अमळनेरमध्ये, चोपड्यात, धुळ्यात, कुठल्याही तालुक्याच्या गावात दर जूनमध्ये हे नाटक होतं. बाप खोटं बोलतो, पोरगं खोटं बोलतं, सोबत नेलेला 'जाणकार' गप्प बसतो आणि पंचवीस-तीस हजार रुपये पाण्यात जातात. माझं भांडण या खोट्याशी आहे. त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

त्या लॅपटॉपमध्ये काय होतं ते बघा. इंटेलचा सेलेरॉन एन4020 हा प्रोसेसर. दोन कोअर, सहा वॉटचा जीव. चार जीबी रॅम, तीही बोर्डावरच डकवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. विंडोज 11 नुसतं चालू झालं की यातली अर्ध्याहून जास्त रॅम तेच खाऊन टाकतं. क्रोमच्या सहा टॅब उघडल्या की सातवीला घाम फुटतो. गेम तर सोडाच, ऑनलाइन लेक्चर चालू असताना बाजूला वर्डची फाइल उघडली तरी माउसचा बाण अडखळायचा.

म्हणजे 'अभ्यासासाठी' म्हणून घेतलेला तो लॅपटॉप अभ्यासालाही नीट चालत नव्हता. हा या खोट्याचा सगळ्यात मोठा विनोद आहे. आपल्याकडे समजूत अशी की अभ्यासाला मशीन कसलंही चालतं, ताकद लागते ती खेळाला. आजचा अभ्यास म्हणजे व्हिडिओ, वीस टॅब, पीडीएफ आणि एखादं कोडिंगचं सॉफ्टवेअर, सगळं एकाच वेळी उघडं. हलकेफुलके गेम नीट चालवणारं मशीनच हा अभ्यास नीट चालवतं. दोन्हीचं माप जवळजवळ एकच आहे. खेळाचं माप खरं दिलं असतं, तर अभ्यासाचं आपोआप बरोबर आलं असतं.

हे आमच्या गावात घडावं याची गंमत वाटते. विप्रो ही कंपनी जन्मली ती अमळनेरला. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने ती सुरू केली. वनस्पती तूप, तेल, पुढे साबण. 1966मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून कारभार बघायला परत आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने भारत सोडला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विप्रो कॉम्प्युटर बनवायला लागली. गावातल्या अनेक घरांनी कंपनीचे शेअर जपून ठेवले आणि त्यांचं सोनं झालं, ही गोष्ट अमळनेरचा माणूस पाहुण्याला पहिल्या चहासोबत सांगतो. 2013मध्ये विप्रोने पीसी बनवणं थांबवलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

कॉम्प्युटरचा शेअर या गावाला कळला, कॉम्प्युटर कळायचा राहून गेला. शेअर घेताना आपण कंपनीचा ताळेबंद विचारतो. कॉम्प्युटर घेताना 'आय फाइव्ह आहे का' एवढंच विचारतो आणि उत्तर 'हो' आलं की मान डोलावतो.

आता फोनकडे या. त्याच घरात बावीस हजारांचा फोन हप्त्यावर येतो. त्याला कोणी विचारत नाही, कशासाठी? फोन लागतोच. दीड-दोन वर्षांनी तो बदलतो, तरी कोणाला काही वाटत नाही. कॉम्प्युटरला मात्र दारातच पिंजऱ्यात उभं करतात: "गेम खेळशील." "वाया जाशील." "आधी मार्क दाखव."

वाया जाण्याचं म्हणाल, तर इतकी वर्षं रमीची आणि पैसे लावून खेळायच्या टीमची ॲपं कुठे होती? खिशातल्या फोनमध्ये. ऑगस्ट 2025मध्ये संसदेला कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालावी लागली. तोवर गावोगावच्या पोरांनी आणि त्यांच्या काकांनीही फोनवर काय काय घालवलं, हे आपापल्या गल्लीत विचारा. फोनमधला जुगार घरात कोणाला दिसला नाही, कारण तो पांघरुणात चालतो. डेस्कटॉपचा पडदा बावीस इंची असतो आणि तो बैठकीच्या खोलीत असतो. आजी येता-जाता विचारते, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" जगातलं कुठलंही पॅरेंटल कंट्रोल या प्रश्नाच्या तोडीचं नाही.

व्यसन लागत नाही असं मी म्हणत नाही. लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत रँक चढवत बसलेला पोरगा मी पाहिलाय, आरशात. पण त्यावर इलाज म्हणून खराब मशीन आणून देणं म्हणजे पोराने फार जेवू नये म्हणून अर्धा कच्चा भात वाढण्यासारखं आहे. वेळ ठरवा, जागा ठरवा, भांडा. मशीन मात्र धड घ्या.

याच गावात साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. मुलांच्या मनोरंजनाला त्यांनी केवढा मान दिला, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. त्यांच्या नावाने आपण व्याख्यानमाला भरवतो आणि घरी मूल खेळायचं म्हणालं की त्याला चोरासारखं बोलायला लावतो.

तर मग 'हलकं गेमिंग' म्हणजे नेमकं काय, ते सरळ बोलू.

बहुतेक पोरं जे खेळतात, त्याला राक्षसी ताकद लागत नाही. व्हॅलोरंट घ्या. हा गेम किमान पातळीवर चालायला बनवणाऱ्यांनी इंटेल एचडी 4000 हे ग्राफिक्स सांगितलंय, ते 2012चं आहे. माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, जुन्या जीटीए, क्रिकेट-फुटबॉलचे जुने गेम, 'स्टारड्यू व्हॅली'सारखा शेतीचा गेम, यांतलं बहुतेक सगळं ठीकठाक प्रोसेसर आणि पुरेशी रॅम असेल तर वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवाय चालतं. प्रोसेसरच्या पोटातच एक छोटं ग्राफिक्स असतं, ते पुरतं. सेटिंग खाली आणावी लागते, रिझोल्यूशन कधी 720वर ठेवावं लागतं. ज्याला सायबरपंक 2077 किंवा नवा कॉल ऑफ ड्यूटी खेळायचाय, त्याच्यासाठी हा लेख नाही. त्याने पैसे साठवावेत. आणि बीजीएमआय हा मोबाइलचा खेळ आहे, तो मोबाइलवरच खेळा. त्यासाठी कॉम्प्युटर घेऊ नका.

ज्यांना 'अभ्यासासाठी' म्हणायचं नसतं, त्यांच्यासाठी बाजारात दुसरा सापळा लावलेला आहे. त्याचं नाव 'गेमिंग पीसी'. काचेची कॅबिनेट, आत सात रंगांचे पंखे, बाहेर पाटी: 'आय सेव्हन, 16 जीबी, 2 जीबी ग्राफिक कार्ड'. पोराचे डोळे तिथेच दिपतात. आत मात्र चौथ्या पिढीचा आय सेव्हन असतो, म्हणजे 2013च्या सुमाराचा. कार्ड असतं जीटी 710. त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने 2021मध्येच बंद केलं. बऱ्या प्रोसेसरच्या पोटातलं फुकटचं ग्राफिक्स या कार्डापेक्षा बरं काम करतं. आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो एसएमपीएस निनावी, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. खानदेशात लाइट कशी येते-जाते ते आपल्याला ठाऊक आहे. असा एसएमपीएस एका झटक्यात जातो, आणि जाताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो.

पंख्यांच्या दिव्यांनी फ्रेम वाढत नाहीत. ते पैसे एसएसडीत आणि रॅममध्ये घाला.

माझं म्हणणं असं की तीस हजारांच्या आत हलके गेम आणि रोजचं काम दोन्ही हवं असेल, तर कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्या. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी शेकडो मशीन एकदम बदलतात. ती साफ होऊन पुणे-मुंबईहून जळगावच्या गोलाणी मार्केटपर्यंत येतात. रोज आठ-दहा तास चालावं म्हणून बनवलेलं हे मशीन असतं. दिसायला सरकारी कपाट, पण आतला माल भक्कम.

घेताना काय बघायचं? आधी पिढी. आठवी किंवा त्यापुढची. आय5-8500 असं लिहिलेलं असतं, त्यातला रेघेनंतरचा आठ म्हणजे पिढी. याला कारण आहे. विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. सहावी-सातवी पिढी म्हणूनच आता स्वस्तात काढून टाकतायत. 'आय सेव्हन आहे, स्वस्तात देतो' म्हटलं की तिथे थांबा आणि पिढी विचारा. या आय5-8500ला सहा कोअर असतात. भावाच्या त्या सेलेरॉनच्या तुलनेत तो एकूण कामात पाच-सहा पट तरी दमदार आहे.

मग रॅम. सोळा जीबी असेल तर उत्तम. एकच सोळाची पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असाव्यात. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. दोन पट्ट्या म्हणजे त्याला रस्ता दुप्पट रुंद. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. 2025च्या अखेरीपासून नवी रॅम महाग झालीय, म्हणून मशीनसोबत आलेली रॅम हा मोठा फायदा समजा. मग डिस्क: एसएसडीच. 'पाचशे जीबीची हार्डडिस्क' या आकड्याला भुलू नका. 256ची एसएसडी परवडली. पेटी जमल्यास उंच टॉवरची घ्या. बारक्या पेटीत पुढे कधी ग्राफिक कार्ड टाकायचं ठरलं, तर बुटकी कार्डंच बसतात.

दुकानात पेटी उघडून दाखवायला सांगा. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर आणि रॅमच्या किती पट्ट्या आहेत ते स्वतः वाचा. पक्कं बिल घ्या, त्यावर वॉरंटीचे महिने लिहून घ्या. आणि पेनड्राइव्हमध्ये एखादा गेम घेऊन जा, तिथेच लावा, अर्धा तास खेळा. लाजू नका. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो.

घरी आणल्यावर खानदेशाचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा 44च्या वर जातो. बारक्या लॅपटॉपमध्ये उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडकतो. मोठ्या पेटीत हवा खेळते. धूळ साठते, पण दोन महिन्यांनी झाकण काढून रंगाच्या कोरड्या ब्रशने झटकली की झालं. यूपीएस घ्याच. घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, नाहीतर पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात.

दोन अपवाद मान्य करतो. शिकायला पुण्याला किंवा नाशिकला हॉस्टेलवर जाणार असाल, तर लॅपटॉपच लागेल. तिथेही नवं 'स्टुडंट मॉडेल' नको, ऑफिसातून निघालेला चांगला लॅपटॉप बघा, अकराव्या पिढीचा आय फाइव्ह किंवा त्या काळातला रायझन फाइव्ह. बॅटरी मात्र बदलावी लागेल असं धरूनच भाव करा. आणि हातात जरा जास्त पैसे असतील, नवंच हवं असेल, तर रायझन 5 5600जीसारखा प्रोसेसर घेऊन असेंबल करा. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सपेक्षा बरंच दमदार आहे. कार्ड पुढच्या वर्षी टाका, नाहीतर टाकूही नका.

"जुना माल कोण घेणार?" हे मी घरात शंभरदा ऐकलंय. ट्रॅक्टर जुना चालतो, मोटरसायकल जुनी चालते, विहिरीवरची मोटर तीनदा रिवाइंड केलेली चालते. कॉम्प्युटरच तेवढा सीलबंद खोक्यातला हवा, कारण त्यातलं आपल्याला कळत नाही. न कळणाऱ्या वस्तूचं खोकंच तेवढं बघता येतं.

आणि ते कळायला लागतं, ते खेळामुळेच. गेम अडकला की पोरगं शोधतं, का अडकला. ड्रायव्हर म्हणजे काय, रॅम कुठे बसते, फाइल कुठे साठते, हे मला कोणत्याही वर्गाने शिकवलं नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. पण पहिल्यांदा पेटी उघडली ती एक गेम चालत नव्हता म्हणून. फोनवर गेम अडकला तर आपण नवा फोन मागतो. पेटीवर अडकला तर स्क्रू-ड्रायव्हर मागतो. पुढे कोणी गोडो हे फुकट इंजिन उतरवून स्वतःचा छोटा गेम बनवतं. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चारेक वर्षं बसून बनवला आणि 2016मध्ये आणला. विषय शेतीचा आहे. तो आपल्यापैकी कोणी का बनवू नये?

बरं, एवढं मोठं काही नको. लिपिकाच्या परीक्षेला मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्द लागतं, इंग्रजी 40. फोनवर दोन अंगठ्यांनी कितीही वेगाने चॅट करा, तो वेग तिथे मोजत नाहीत. आमच्या भावाने टायपिंगच्या क्लासची फी भरली. तिथे रोज एक तास मशीन मिळायचं. घरी सरावाला जे होतं ते कपाटावर होतं. पहिल्या खेपेला तो नापास झाला. ते त्या लॅपटॉपमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, सराव त्याचाही कमी पडला. पण ज्या यंत्रावर बसायचा कंटाळा येतो, त्यावर सराव होत नाही. आणि ज्यावर संध्याकाळी एक तास खेळायला मिळतं, त्यावर त्याआधी अर्धा तास टाइप करायलाही माणूस बसतो.

2025च्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. 2022मध्ये तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. या वेळी मीच मामांना आधी म्हटलं, मामा, दुकानात खरं सांगायचं, नाहीतर मी येत नाही. मामा हसले. दुकानदार दुसरा होता, प्रश्न तोच. "कशासाठी पाहिजे?"

मामांनी घसा खाकरला. म्हणाले, "हिला खेळायचंय. काय ते गेम असतात. आणि टायपिंग पण करायचंय."

दुकानदाराने क्षणभर मामांकडे बघितलं, मग थेट तिलाच विचारलं, "कोणता गेम?" तिने नाव सांगितलं. त्याने आतून एक काळी पेटी आणली, आठव्या पिढीची, झाकण उघडलं, आठ-आठच्या दोन पट्ट्या दाखवल्या. वापरलेला मॉनिटर, कीबोर्ड-माउस आणि यूपीएस धरून सगळं 24 हजारांत बसलं. तिने तिथेच गेम लावला. मामा स्टुलावर बसून अर्धा तास बघत होते. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही मला नाही, तिला:

"यात दुसरा माणूसपण खेळू शकतो का?"